नोंदवहीपासून जीआरपर्यंत : नवजात बाळांचा एक अभ्यास धोरण कसा झाला, आणि वाटेत काय गळलं

संशोधनाच्या प्रस्तावात लोकसहभागाचा मुद्दा बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या पानावर असतो. प्रश्न ठरलेला असतो, गावं निवडलेली असतात, प्रश्नावली छापून झालेली असते. मग 'निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचवणे' आणि 'शासनाला शिफारशी सादर करणे' अशा दोन ओळी येतात. या क्रमानं केलेलं काम बहुधा कपाटात जातं, आणि त्याचा दोष शासनाला देऊन सगळे मोकळे होतात. खरी चूक बरीच आधी झालेली असते. काय मोजायचं, कुणी मोजायचं आणि कोणत्या शब्दांत मोजायचं हे ठरत होतं तेव्हाच लोक तिथे नव्हते.

याउलट काय होऊ शकतं ते पाहायला गडचिरोलीतल्या घरोघरी नवजात बाळसेवेच्या अभ्यासाकडे वळावं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत तो केला, शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले आणि २०११ मध्ये ही पद्धत देशभरातल्या 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामात आली. म्हणजे प्रकाशनापासून धोरणापर्यंत बारा वर्षं. यशोगाथा म्हणून हे अनेकदा सांगितलं जातं. मला मात्र त्यातले सांधे महत्त्वाचे वाटतात, कारण पुढच्या अभ्यासकाला उपयोग त्यांचाच आहे.

आधी प्रश्न. नवजात बाळं मरतात तर त्यांना दवाखान्यात कसं आणायचं, हा त्या काळातला सरळ प्रश्न होता. १९९५-९६ मध्ये संशोधकांनी उपचार सुरू करण्याआधी वर्षभर नुसतं निरीक्षण केलं. ३९ गावांतली ७६३ बाळं जन्मापासून २८ दिवस पाहिली गेली. त्यांतल्या ५४.४ टक्के बाळांना या ना त्या कारणानं वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली फक्त २.६ टक्क्यांना. जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच होत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्नच बदलतो. बाळ दवाखान्यात येतच नसेल तर घरात काय करता येईल?

पण हे आकडे मिळाले कसे? बाळंतिणीच्या खोलीत परक्या माणसाला सहसा प्रवेश नसतो. शहरातून गाडी घेऊन गेलेल्या पाहणी करणाऱ्याला ओट्यावर बसवून चहा मिळतो, बाळ दिसत नाही. खोलीत जाऊ शकते ती त्याच गावातली बाई. म्हणून पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया निवडून त्यांना तयार केलं गेलं, आणि त्यांना 'आरोग्यदूत' म्हटलं गेलं. दाई होतीच, तिला बाजूला न सारता तिच्यासोबत आरोग्यदूत बाळंतपणाला हजर राहू लागली. लोकसहभाग म्हणतात तो हा. सभा, बॅनर, पथनाट्य हे सगळं नंतरचं. खोलीचं दार कुणासाठी उघडतं यावर अभ्यासाचा पहिलाच आकडा अवलंबून होता.

आता मोजणी. इथे जरा थांबतो, कारण बहुतेक अभ्यास इथेच पोकळ निघतात आणि धोरणाच्या टेबलावर उघडे पडतात.

३९ गावांची लोकसंख्या ३९ हजारांच्या आसपास. जन्मदर हजारी २५ धरला तर वर्षाला साधारण एक हजार जन्म. नवजात मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, ६० असेल तर वर्षाला ६० मृत्यू. यांतले दहा नोंदवायचे राहिले की दर ५० वर येतो. काहीही न करता १७ टक्के सुधारणा दिसते! तुमच्या कामाचा परिणाम म्हणून तुम्ही तीच मिरवता. दुसऱ्या कुणी नीट मोजलं की ती नाहीशी होते.

कोणते मृत्यू राहतात? जन्मल्यावर तासा-दोन तासांत गेलेली बाळं. बारसंही झालेलं नसतं, नाव नसतं, घरचे म्हणतात 'मेलेलंच झालं'. म्हणून मृतजन्म असं लिहिण्याआधी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात : बाळ रडलं का, हात-पाय हलवले का, एकदा तरी श्वास घेतला का. यांतल्या एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी तो जिवंत जन्म आणि नंतरचा मृत्यू. हे प्रश्न आईला लगेच दुसऱ्या दिवशी विचारायचे नसतात, दाईला विचारता येतात.

दुसरी गळती माहेरची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सासरच्या गावात गरोदर म्हणून नोंदलेली, बाळ माहेरच्या गावात जन्मलं, आठव्या दिवशी गेलं, आणि दोन्ही नोंदवह्या कोऱ्या. यावर नियम एकच हवा आणि तो पहिल्या दिवशी ठरलेला हवा : मृत्यू आईच्या नेहमीच्या राहत्या गावाचा धरायचा की घडला त्या गावाचा. कोणताही चालेल, पण उपचाराच्या आणि तुलनेच्या गावांत तोच चालला पाहिजे.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गरोदरपणाची यादी. प्रत्येक गरोदर बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात यादीत आली की तिच्या नावापुढे शेवटी चारपैकी एक गोष्ट लिहिली गेलीच पाहिजे : गर्भपात, मृतजन्म, जिवंत जन्म किंवा गाव सोडलं. रिकामी ओळ दिसली की तिथे जायचं. शिवाय घडेल तसं लिहिणारी एक व्यक्ती आणि दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन पाहणी करणारी दुसरी, स्वतंत्र मंडळी. दोन्ही याद्या नावानिशी जुळवायच्या. नुसते दर जुळवले तर दोन्हीकडच्या चुका एकमेकींना झाकतात. आणि जी बाई सेवा देते तिच्या एकटीच्याच हाती मृत्यूची नोंद ठेवायची नाही. ती खोटारडी असते म्हणून नव्हे. मृत्यू लिहिला की आपल्याला जाब विचारतील, ही भीती तिला वाटणारच.

मोजणीचा विषय निघालाच आहे तर एका साधनाबद्दल सांगायला हवं. लहान मुलांच्या न्यूमोनियावर गडचिरोलीत याआधी झालेल्या कामात अडचण वेगळीच होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास ते मोजावं लागतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा जास्त, तर धोका. आणि अनेक दायांना इतके आकडे येत नव्हते. 'मग दायांना हे काम देता येणार नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. त्याऐवजी साधन बदललं. एका पट्टीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दाईनं दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा, पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. शेवटचा मणी लाल. वाळू खाली पडायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी. हाताच्या दहा बोटांपलीकडचं गणित लागतच नाही. ज्या बाईला साधन वापरायचं आहे तिच्यासमोर बसल्याशिवाय अशी पट्टी सुचत नाही.

जंतुदोषाचंही तसंच. नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला रक्ततपासणी लागते असं पुस्तक सांगतं. गावात ती नाही. मग आईला आणि आरोग्यदूताला दिसू शकतील अशी लक्षणं निवडली गेली : आधी नीट रडणारं बाळ क्षीण रडू लागलं किंवा रडायचं थांबलं, आधी नीट ओढणारं बाळ कमी पिऊ लागलं, बाळ मलूल झालं, काखेत अंग ९९ अंश फॅरनहाइटच्या वर किंवा ९५ च्या खाली, कातडीवर किंवा बेंबीत पू, जुलाब, सतत उलट्या किंवा पोट फुगणं, कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. सातांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर जंतुदोष समजायचा. जंतुदोषानं दगावणारी बाळं या कसोटीनं १०० टक्के पकडली गेली. न दगावणाऱ्यांपैकी ९२ टक्के योग्य रीतीनं वगळली गेली. याचा साध्या भाषेत अर्थ असा की जी बाळं तशीही जगली असती त्यांतल्या शंभरांपैकी आठांना औषध मिळेल. हे आठ शासनापासून लपवायचे नसतात. ते आधीच सांगितले तर अधिकारी म्हणतो 'बरं, औषध किती लागेल?' आणि नंतर उघडकीला आले तर तोच म्हणतो 'तुम्ही निरोगी बाळांना इंजेक्शनं दिलीत.' 'आधी नीट होतं' हे शब्दही बारकाईनं पाहावेत. बाळाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी आहे. आणि काल ते कसं होतं हे सांगू शकणारं माणूस एकच, आई.

निष्कर्ष माहीत असतील. तुलनेच्या गावांत नवजात मृत्युदर ५७.७ होता, तो तिसऱ्या वर्षी ५९.६ राहिला. सेवेच्या गावांत ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेची गावं लक्षात घेऊन घट ६२ टक्के. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. यातला खर्चाचा आकडा मी अभ्यासकांना मुद्दाम दाखवतो. मंत्रालयात तुमच्या शोधनिबंधातलं सांख्यिकीचं पान कुणी उघडत नाही, पण एका बाळामागे किती हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. खर्चाची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवली नसेल तर नंतर ती अंदाजानं जुळवावी लागते, आणि वित्त विभागाला अंदाज ओळखता येतो.

पुढचा प्रश्न नेहमीचा. 'हे तुमच्याकडे झालं, कारण तिथे तुम्ही होता.' हा आक्षेप रास्त आहे. त्याला शब्दांनी उत्तर देता येत नाही, दुसऱ्या हातांनी तेच काम करून दाखवावं लागतं. 'अंकुर' प्रकल्पात २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी वेगवेगळ्या संस्थांनी ही पद्धत राबवली, त्यात शहरी वस्त्याही होत्या, आणि नवजात मृत्युदर निम्म्याच्या आसपास उतरला. मग अकराव्या पंचवार्षिक योजनेत ही सेवा आली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजातांच्या गृहभेटींची शिफारस केली. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्येही घरोघरच्या सेवेचे चांगले परिणाम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एकट्या निबंधानं धोरण बदलत नाही, ते असं चार दिशांनी सरकतं.

याच काळात लोकांच्या बाजूनं एक वेगळा रेटाही आला. २००१ मध्ये तेरा संस्थांच्या गटानं 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढून दाखवलं की महाराष्ट्रातले खरे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. वर्तमानपत्रांतून, विधिमंडळातून हा विषय पेटला. पुढे शासनानं डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. या अहवालाची ताकद प्रत्यक्ष मोजलेल्या मृत्यूंत होती. अंदाज नाकारता येतो. अमुक गाव, अमुक घर, अमुक तारीख हे नाकारणं अवघड जातं.

आता अभ्यासातून धोरणात जाताना झालेल्या गळतीकडे येऊ.

मूळ अभ्यासात आरोग्यदूत बाळाकडे १, २, ३, ५, ७, १५, २१ आणि २८ व्या दिवशी जायची, नाजूक बाळाकडे त्याहून जास्त वेळा. २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी आल्या : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची एक जास्त. दवाखान्यातल्या जन्मांमुळे हा बदल समजण्यासारखा आहे. पण बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात, आणि त्या आठवड्यातल्या पाच भेटींच्या दोन झाल्या. आई दुसऱ्याच दिवशी घरी परतली तर मधला वेळ कुणाचाच नसतो.

दुसरं, इंजेक्शन. गडचिरोलीत प्रशिक्षित आरोग्यदूत आईवडिलांच्या लेखी संमतीनं जंतुदोषावरचं जंटामायसिन हे प्रतिजैविक द्यायची. राष्ट्रीय योजनेत आशाला ते दिलं गेलं नाही. इंजेक्शन कुणी द्यायचं हा वैद्यकीय व्यवसायाचा जुना, संवेदनशील प्रश्न आहे. २०१४ मध्ये एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, ठरावीक परिस्थितीत, म्हणजे बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल तेव्हा, ते देण्याची मुभा मिळाली. जंतुदोष ओळखणारी आशा आणि औषध देणारी एएनएम यांच्यामध्ये आता एक फोन, काही किलोमीटर आणि उपकेंद्रातला औषधसाठा आहे. या तिन्हींपैकी एक चुकलं तरी लक्षण ओळखून उपयोग नाही.

तिसरी गळती मला सगळ्यात जास्त खुपते, ती म्हणजे देखरेख. अभ्यासात पर्यवेक्षक दर पंधरवड्याला गावात जायचा, बाळ पाहायचा, नोंद पडताळायचा, औषध भरून द्यायचा. योजनेत साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक, आणि तिच्या डोक्यावर लसीकरण, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. भेटींची संख्या मोजता येते म्हणून ती कागदावर टिकली. देखरेखीची गुणवत्ता मोजायला अवघड, म्हणून ती आधी पातळ झाली.

आणि मोबदला. सहाही भेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये, म्हणजे भेटीमागे ४२ रुपयेसुद्धा नाहीत. मूळ अटी अशा होत्या की वजन कार्डावर नोंदलेलं हवं, ठरलेल्या लसी दिलेल्या हव्यात, जन्माची नोंद झालेली हवी आणि ४२ व्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप हवेत. शेवटची अट ऐकायला चांगली वाटते. तिचा परिणाम पाहा : जे बाळ सगळ्यात नाजूक होतं, ज्याच्याकडे आशा सगळ्यात जास्त वेळा गेली, ते दगावलं तर त्या अटीत ती बसत नाही. मृत्यू नोंदवण्याबद्दलची जी भीती अभ्यासात दोन स्वतंत्र याद्या ठेवून काढली होती, ती मोबदल्याच्या एका ओळीनं परत आणली. मोजणी म्हणजे काय हे ठाऊक असलेला कुणी मसुद्याच्या टेबलाशी असता तर ही ओळ त्यानं तिथेच अडवली असती.

देशाचा नवजात मृत्युदर एसआरएसनुसार (जन्म-मृत्यूंची सरकारी नमुना पाहणी) २०११ मध्ये हजारी ३१ होता, २०२० मध्ये २० झाला. महाराष्ट्रात तो २०२० मध्ये ११ होता. याचं सगळं श्रेय गृहभेटींना देता येणार नाही. याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ च्या ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेली, नवजात अतिदक्षता कक्ष उभे राहिले. ज्यांनी अभ्यास केला त्यांनी हे आपणहून सांगावं. विश्वास त्यानंच टिकतो.

म्हणून जो अभ्यासक आपलं काम शासनाकडे नेऊ पाहतो त्याच्यासाठी थोडं व्यवहाराचं. दोन पानांची मराठी टिप्पणी तयार ठेवा. कक्ष अधिकाऱ्याला तीच नस्तीत, म्हणजे फायलीत, लावता येते. चाळीस पानांचा इंग्रजी अहवाल सोबतचं सहपत्र म्हणून जातो आणि तसाच राहतो. टिप्पणीत चार गोष्टी : कोणता शासन निर्णय सध्या लागू आहे, त्यातला कोणता परिच्छेद बदलायचा, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून), आणि वित्त विभागाची सहमती लागेल की नाही. लेखाशीर्ष नसलेला जीआर निघतो आणि जिल्ह्यात पोहोचून पडून राहतो. वेळ सांभाळा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये, पण विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्याच्या तोंडाशीच तयार होऊ लागतात. फेब्रुवारीत भेटायला गेलात तर चहा मिळेल.

गावाकडची बाजूही तेव्हाच बांधायची. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं काम झालं. गावातल्या लोकांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडले. ही चौकट अभ्यासाचे निष्कर्ष मांडायला फार उपयोगी आहे. एक काळजी घ्यावी. जनसुनवाईत तीन वेगळे आकडे समोरासमोर येतात : जन्म-मृत्यू नोंदणीचा, एसआरएसच्या नमुना पाहणीचा आणि गावानं मोजलेला. ते जुळणार नाहीत. का जुळत नाहीत हे आदल्या दिवशी गावकऱ्यांशी बोलून ठेवलं नाही, तर 'तुमचा आकडाच चुकीचा' एवढ्या एका वाक्यावर सगळी बैठक उधळते.

आणि सगळ्यात आधी, निष्कर्ष लिहितानाच, एक पान वेगळं लिहा : या पद्धतीतले कोणते भाग कमी केले तरी चालतील आणि कोणते कमी केले तर ती पद्धत उरणारच नाही. भेटी सहा की आठ यावर बोलणी होऊ शकतात. देखरेखीवर नाही. आणि 'सक्षम देखरेख असावी' असं लिहू नका, कारण त्याचा जीआरमध्ये काहीच अर्थ होत नाही. असं लिहा की गटप्रवर्तकेनं दर महिन्याला यादीतली पाच बाळं स्वतः निवडावीत, आशानं नाही. तिनं त्यांच्या घरी जावं, झोळीचा काटा आढ्याला टांगावा, झोळी रिकामी असताना काटा शून्यावर येतो का पाहावं, येत नसेल तर वरचा स्क्रू फिरवून आणावा, मग बाळाचं वजन करावं आणि कार्डावरच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहावा.